आमच्यात भजन असतं

चौथीच्या वर्गाला मी एकदा ‘नाताळ’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. वह्या तपासायला घेतल्या, तर पहिल्याच वहीत पहिलेच वाक्य होते : ‘नाताळ हा सांताक्लॉजचा वाढदिवस असतो.’ मी हसले, लाल शाईने वाक्याखाली रेघ ओढली आणि पुढची वही उघडली. तिच्यातही तेच होते आणि तिसरीत जवळपास तेच. तेव्हा कुठे ध्यानात आले, की लाल शाई माझ्या नावाखाली ओढायला हवी होती. दर डिसेंबरात आमच्या शाळेच्या कपाटातून पुठ्ठ्याचे एक खोके खाली उतरते. त्यात लाल टोप्या, कापसाची दाढी, प्लास्टिकचे झाड आणि चमचमत्या कागदाच्या माळा असतात. सातवीतला एखादा उंच मुलगा दाढी लावून, पोते घेऊन वर्गावर्गांतून फिरतो, चॉकलेटे वाटतो, आणि ध्वनिक्षेपकावर एक इंग्रजी गाणे वाजत राहते. ज्याच्या जन्माचा हा सण, त्याचे नाव त्या अर्ध्या तासात एकदाही उच्चारले जात नाही. मुलांनी जे पाहिले तेच वहीत लिहिले होते.

मी नाशिकला एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. त्या वह्यांमुळे थोडी शरमून मी त्याच आठवड्यात नाताळ ‘नीट’ शिकवायचे ठरवले आणि नीट शिकवायला गेलेला माणूस करतो ती चूक केली. वर्गात त्या वर्षी एकच ख्रिस्ती मुलगा होता, तिसऱ्या बाकावर बसणारा, मोजके बोलणारा. त्याला मी उभे केले आणि म्हटले, “सांग बरं सगळ्यांना, तुमच्यात नाताळला काय काय करतात?”

‘तुमच्यात’ हा शब्द आपल्या तोंडी इतका बसलेला आहे, की त्याचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. तुमच्यात हळद कधी लावतात, तुमच्यात आमटीला गूळ घालतात का, अशा प्रश्नांवर शेजारणी-शेजारणींच्या किती मैत्री उभ्या राहिल्या आहेत. दोन बायका ओट्याशी उभ्या राहून तो शब्द उच्चारतात, तेव्हा दुसरी लगेच “आणि तुमच्यात?” असे विचारू शकते. बाईंनी टेबलापाशी उभे राहून चाळीस मुलांतल्या एकाला तो विचारला, की त्या मुलाला उलट विचारायची सोयच उरत नाही. तो बिचारा खाली बघत पुटपुटला, “आमच्यात भजन असतं.”

वर्ग हसला. मी वर्गाला गप्प केले आणि मग, आजही आठवले की कानाच्या पाळ्या तापतात, त्याला अत्यंत प्रेमाने दुरुस्त केले : “भजन नाही रे, कॅरल म्हणायचं.” तो खाली बसला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याची आजी आली. नऊवारी नेसलेली, कपाळ मोकळे, हातात कापडी पिशवी. भांडायला आलेली नव्हती. “बाई,” ती म्हणाली, “पोरगं बरोबर सांगत होतं. आमच्यात भजनच असतं. टाळ असतात, ढोलकी असते, पेटी असते. आमचे सासरे कीर्तन करायचे.” तिचे सासर नगर जिल्ह्यातले, चार पिढ्यांचे प्रॉटेस्टंट घराणे. मी माफी मागितली तेव्हा ती उलट संकोचली आणि म्हणाली, की शहरात सगळ्यांना तसेच वाटते.

मला तसे वाटायला नको होते, कारण मी मराठी घेऊन बी. ए. झाले आहे. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १८३१ मध्ये काम सुरू केले. त्याच मातीत पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे आणि अभंग रुजले. टिळकांचा जन्म १८६१ चा आणि बाप्तिस्मा १८९५ चा, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर तर आमच्या नाशिकजवळचे जलालपूर. त्याहून मागे जायचे, तर १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओव्यांत रचले आणि १६१६ मध्ये ते छापून निघाले. म्हणजे येशूच्या जन्माची कथा मराठीत, मराठी छंदात सांगण्याला चारशे वर्षे उलटून गेली आहेत. हे सारे माझ्या डोक्यात होते, पण ते ‘वाङ्मयाचा इतिहास’ नावाच्या खणात होते आणि तिसऱ्या बाकावरचा मुलगा दुसऱ्याच खणात. दोन्ही खण एकाच कपाटाचे आहेत, हे मला त्याच्या आजीने दाखवून दिले.

पुढच्या वर्षी मी निराळी सुरुवात केली. कोणालाही उभे केले नाही. आधी गोष्ट सांगितली, कारण सण म्हणजे मुळात एक गोष्ट असते आणि मुलांना गोष्ट सोडून नुसती सजावट देणे म्हणजे उपाशी माणसाला रिकामे ताट देणे. येशूची चरित्रे सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी दोघांतच त्याच्या जन्माची हकिगत येते, आणि ते दोघे एकच गोष्ट सांगत नाहीत. लूकच्या गोष्टीत उतारशाळेत जागा नसते, बाळाला गव्हाणीत निजवतात आणि रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना पहिली बातमी कळते. मत्तयच्या गोष्टीत मेंढपाळ नाहीत. तेथे पूर्वेकडून ज्ञानी लोक ताऱ्याच्या मागोमाग येतात. ते तीन होते असे मत्तय कुठेही म्हणत नाही. भेटी तीन होत्या, म्हणून लोकांनी माणसेही तीन धरली. हे ऐकून वर्गातला एक मुलगा म्हणाला, “म्हणजे आपल्या रामायणासारखं, प्रत्येकाचं थोडं वेगळं.” मी नुसतीच मान डोलावली. त्या क्षणी माझ्याहून तो पुढे होता.

त्या तीन भेटी मी वर्गात आणल्या. मराठी बायबलात त्यांची नावे सोने, ऊद व गंधरस अशी आहेत. सोन्याच्या जागी माझी अंगठी ठेवली. ऊद पूजासाहित्याच्या दुकानात मिळाला. गंधरस म्हणजे हिराबोळ. तो काष्ठौषधींच्या दुकानात मिळाला. धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर ऊद टाकला आणि वर्गाच्या चारही कोपऱ्यांतून आवाज उठले. कुणाची आजी तिन्हीसांजेला ऊद घालते, कुणाकडे बाळंतिणीच्या खोलीत धुरी देतात, एका मुलीला तो दर्ग्याचा वास वाटला. तपकिरी, ओबडधोबड हिराबोळ हातोहात फिरला. एकाने जिभेला लावून पाहिला आणि तोंड वाकडे केले. दुकानदाराने मला सांगितले होते, की तो बाळंतिणीच्या औषधात जातो. ते मी मुलांना सांगितले तेव्हा मुली म्हणाल्या, मग आईसाठी आणला असेल. ख्रिस्ती परंपरा त्या गंधरसाचा निराळा अर्थ लावते. प्रेताला लावण्याचे ते द्रव्य, म्हणून पुढे येणाऱ्या मरणाची ती खूण मानली जाते. हेही मी सांगितले. जन्माच्या गोष्टीत मरणाची वस्तू ठेवलेली आहे, हे ऐकून वर्ग थोडा वेळ शांत झाला, आणि सणाचे गांभीर्य कळायला मला वाटते तेवढा वेळ पुरेसा होता.

त्याच तासाला दर्ग्याचे नाव घेतलेली मुलगी म्हणाली, “बाई, ईसा आमच्यातपण आहेत. मरियमपण. पण ते देवाचे मुलगे नव्हेत, पैगंबर आहेत.” ती म्हणाली ते खरे होते. कुराणाचा एकोणिसावा सूरा, म्हणजे अध्याय, मरियमच्याच नावाचा आहे आणि त्यात तिला प्रसूतिवेदना खजुराच्या झाडापाशी सुरू होतात. तेथे गोठा नाही, मेंढपाळ नाहीत. अशा प्रसंगी आम्हां शिक्षकांच्या ओठांवर एक वाक्य तयार असते : ‘पाहा मुलांनो, सगळे धर्म एकच सांगतात.’ मी ते गिळले. सगळे धर्म एकच सांगत नाहीत. त्या मुलीने आठव्या-नवव्या वर्षी फरकाची रेघ बिनचूक ओढली होती आणि ती पुसून टाकणे म्हणजे तिलाही खोटे पाडणे होते, तिसऱ्या बाकावरच्यालाही. मी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली. ‘येशू देवाचा पुत्र आहे, असे ख्रिस्ती लोक मानतात. ईसा हे पैगंबर आहेत, असे मुस्लीम लोक मानतात.’ ‘मानतात’ या क्रियापदाने माझे अर्धे काम सोपे केले आहे. गणपतीला, ईदला, आंबेडकर जयंतीच्या महिन्यात बुद्धांविषयी बोलताना, सगळीकडे ते चालते. मुले ते इतक्या चटकन उचलतात, की एकाने त्या आठवड्यात मला ऐकवले : “बाई, गृहपाठ केल्याने डोकं सुधारतं, असं तुम्ही मानता.”

एका पालकांनी मात्र गेटपाशी गाठले. मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेणार का, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. संविधानाचे कलम २८ सांगते, की संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत संमतीवाचून सहभागी करून घेता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर ती संमती पालकाची लागते. मी त्यांना म्हटले, की प्रार्थना म्हणायला लावणार नाही. लोक प्रार्थना का करतात आणि कोणती करतात, हे सांगणार आहे. त्यांचे पूर्ण समाधान झाले असे वाटले नाही, पण जाताना त्यांनी विचारले, की दिंडीच्या दिवशी सगळ्या मुलांना टाळ देता तेव्हा कोणाला विचारता का. मी त्याचे उत्तर अजून शोधते आहे. त्या वर्षापासून दिंडीच्या आधी पालकांना चिठ्ठी जाते, एवढे झाले.

माझी एक मैत्रीण वसईची आहे, कुपारी या ख्रिस्ती समाजातली, घरात सामवेदी बोली बोलणारी. तिला मी वर्गात बोलावले, आणि या वेळी ‘तुमच्यात’ या शब्दाचे ओझे एका चाळिशीच्या, बोलक्या बाईवर होते, जिला ते पेलते. तिने पहिल्यांदा ‘नाताळ’ या शब्दाचीच गोष्ट सांगितली. तो पोर्तुगीज ‘नताल’वरून आला, वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकेपर्यंत त्यांच्याकडे राहिली. एवढ्या दोनशे वर्षांत तिथल्या शेतकऱ्यांना लोपीस, डाबरे, मच्याडो अशी आडनावे मिळाली आणि भाषा मात्र मराठीच राहिली. तिच्या आजीच्या तरुणपणी चर्चमधला मिस्सा, म्हणजे उपासनाविधी, लॅटिनमध्ये व्हायचा. १९६२ ते १९६५ या काळातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तो मराठीत आला. “आजीला देवाचं बोलणं म्हातारपणी कळायला लागलं,” असे ती हसत म्हणाली.

मग तिने पिशवीतून नाचणी काढली. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे असतात. त्या दिवसांत बशीत माती घालून नाचणी किंवा गहू पेरतात आणि उगवलेली हिरवी रोपे गोठ्याच्या देखाव्यात बेथलेहेमभोवतीचे शेत म्हणून मांडतात. मुले ओरडली, “बाई, हे तर घट!” नवरात्रात बहुतेकांच्या घरी हेच पाहिलेले. मैत्रीण माझ्याकडे बघू लागली आणि मी पुन्हा ते वाक्य गिळले. घटाची माती, घटाचे धान्य ही स्वतःच पूजेची वस्तू असते. उगवलेले अंकुर दसऱ्याला टोपीत खोवतात, केसांत माळतात. गोठ्याभोवतीच्या नाचणीची पूजा कोणी करत नाही. ती देखावा आहे, मेंढरांच्या पायाखालचे गवत आहे. पेरणारे हात तेच, माती तीच, बशीसुद्धा तीच असेल, आणि तरी दोन घरांत त्या अंकुराचे काम वेगळे. हे सांगताना मुले कंटाळली नाहीत. उलट फरक शोधण्याचा त्यांना नादच लागला.

नाचणीने मात्र दगा दिला. वसईच्या दमट हवेत जी चार-पाच दिवसांत तरारते, ती नाशिकच्या डिसेंबरात सहाव्या दिवशीही जमिनीतून डोके काढेना. येथे द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, अशी थंडी. तिथे बशीतल्या नाचणीची काय कथा. शिपाईकाकांनी बशा कार्यालयातल्या फ्रिजच्या मागच्या बाजूला, उबेला नेऊन ठेवल्या आणि गोणपाट झाकले. दहाव्या दिवशी पांढुरके, लांबट, आजारी दिसणारे अंकुर आले. दोन दिवस उन्हात ठेवल्यावर त्यांना हिरवा रंग चढला. तोवर चाळीस मुले रोज सकाळी प्रार्थनेआधी कार्यालयात डोकावून जात होती, आणि आगमनकाळ म्हणजे वाट पाहण्याचा काळ असतो, हे मला वेगळे शिकवावे लागले नाही.

कुलकुलही केले. मैदा, साखर, नारळाचे दूध. शंकरपाळ्याच्या जवळचेच पीठ, पण त्याची छोटी गोळी काट्याच्या किंवा नव्या फणीच्या दातांवर दाबून पसरायची आणि गुंडाळत आणायची, की शिंपल्यासारखी रेघारेघांची वळकटी होते. आम्ही बाजारातून एक डझन कोऱ्या फण्या आणल्या. मुलांच्या वळकट्या शिंपल्यांपेक्षा अळ्यांसारख्या झाल्या. मैत्रिणीने त्या तशाच घरी नेऊन तळल्या. करंजीला गोव्यात नेवरी म्हणतात, हेही मी त्या दिवशी मोठ्या अभिमानाने सांगून टाकले.

सांताक्लॉजला मी हाकलले नाही. मुलांना तो आवडतो आणि पोते रिकामे करणाऱ्याशी वैर घेणारा शिक्षक फार टिकत नाही. आजच्या तुर्कस्तानात मायरा नावाचे गाव होते, तिथे चौथ्या शतकात निकोलस नावाचे बिशप होते, त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो आणि त्यांच्या दानशूरपणाच्या कथांतून हा म्हातारा घडत गेला, इतके सांगितले आणि दाढी पुन्हा खोक्यात ठेवली.

शेवटी मुलांना गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरात नेले. तिथली घंटा नाशिकच्या प्रत्येक मुलाला माहीत असते. ती १७२१ सालची, पोर्तुगीज घडणीची. वसईच्या विजयानंतर ती इकडे आली असे सांगितले जाते. भीमाशंकरला अशीच १७२९ सालची घंटा आहे आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मरिया कोरलेली आहे. जी घंटा एके काळी मिस्साला बोलवायची, ती आता महादेवापुढे आहे, असे मी म्हटले. माझ्या डोक्यात संस्कृतिसंगमाचे छानसे वाक्य तयार होते. तेवढ्यात एका मुलीने विचारले, “म्हणजे त्यांची आणली?” मी म्हटले, लढाईत जिंकलेली. “विचारून?” नाही, विचारून नाही. मग मला सांगावे लागले, की त्या पोर्तुगिजांनीही त्याआधी इथली देवळे पाडली होती, आणि युद्धात कोणीच कोणाला विचारत नाही. मुलीला ते पटले नाही, आणि मलाही बोलताना ते हिशेबाच्या वहीसारखे वाटत होते. गोदेच्या पुराची पातळी दाखवणाऱ्या दुतोंड्या मारुतीपाशी आल्यावर मुले पुराच्या पाण्याच्या गोष्टींत रमली आणि मी सुटले. परत येताना बसमध्ये कोणीतरी बाळ येशूच्या यात्रेचा विषय काढला. नाशिकरोडला फेब्रुवारीत ती भरते, सगळ्या जातिधर्मांची माणसे लोटतात, आणि वर्गातली निदान दहा-बारा मुले घरच्यांबरोबर नवसाला तिथे जाऊन आलेली निघाली. सांताक्लॉजचा वाढदिवस लिहिणाऱ्यांपैकीही काहींची लहान भावंडे तिथल्या रांगेत उभी राहिली असतील. बाळ येशू आणि नाताळ यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

पुढे आणखी एक मुलगी वर्गात आली, मल्याळी सिरियन ख्रिस्ती कुटुंबातली. तिच्या डब्यात १ डिसेंबरपासून अंडे नसायचे, कारण त्यांच्याकडे नाताळआधी पंचवीस दिवसांचा उपवास पाळतात. तिला मी काही विचारले नव्हते. ते तिने शेजारणीला डबा वाटून खाताना सांगितले आणि शेजारणीने मला. माझ्या मते हाच मार्ग सर्वांत चांगला, पण तो शिक्षकाच्या हातात नसतो.

तिसऱ्या बाकावरचा मुलगा चौथी होऊन दुसऱ्या शाळेत गेला, तरी त्याच्या आजीने मला २५ डिसेंबरला बोलावले. मी गेले आणि सर्वांत मागच्या बाकावर बसले. पुढे टाळ घेतलेली माणसे होती आणि त्यांत तो होता, तोंड मोठे उघडून गाणारा. वर्गात मी त्याचा आवाज एवढा कधीच ऐकला नव्हता. चाल मला ओळखीची वाटली; लहानपणी आमच्या गल्लीतल्या विठ्ठलमंदिरात ऐकलेली. शब्द वेगळे होते, आणि हात जोडायचे की नाही हे न कळून मी माझे हात मांडीवर ठेवून दिले.

उपासना संपल्यावर आजीने कागदात बांधलेला पुडा हातात दिला. मी उघडून पाहिला आणि माझे नवे ज्ञान दाखवत म्हणाले, “अरे वा, नेवऱ्या!”

“नाही हो बाई,” आजी म्हणाली, “आमच्यात करंजीच म्हणतात.”